ऑनलाइन कायदा, पण कोणत्या भाषेत?

जुलै २०२०. माझा दहावीचा निकाल नुकताच लागला होता आणि लॉकडाऊनमुळे आम्ही सगळे प्रतापनगरच्या घरातच होतो. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी वसईहून बडोद्याला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला. पर्यावरणाचा नवा नियम येतोय, विरोध करा, खालचा इंग्रजी मजकूर मंत्रालयाला ईमेल करा. त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "तुझं इंग्रजी चांगलं आहे ना? मग वाच आणि मला सांग."

मजकुरात 'पोस्ट-फॅक्टो क्लिअरन्स' असे शब्द होते. मी म्हटलं, "नंतर मिळणारी परवानगी." ते म्हणाले, "कशाच्या नंतर?" मला सांगता आलं नाही. शेवटी त्यांनी तो ईमेल पाठवला, पण आपण नेमकं कशाला विरोध केला हे त्यांना कळलं नव्हतं. मलाही नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे वाचलं ते इथे मांडते.

आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा आहे. त्याखाली २००६ साली एक अधिसूचना निघाली. ठरावीक प्रकारचा कारखाना, खाण किंवा धरण बांधायचं तर आधी त्याच्या परिणामांचा अभ्यास करायचा, बऱ्याच प्रकल्पांत जनसुनावणी घ्यायची आणि मंजुरी मिळाल्यावरच काम सुरू करायचं, असं ती सांगते. 'पोस्ट-फॅक्टो' म्हणजे याच्या उलट. आधी कारखाना सुरू करायचा, मंजुरी मागाहून घ्यायची. मराठीत याला चांगला रुळलेला शब्द आहे: कार्योत्तर मंजुरी. संस्थांच्या सभांमध्ये तो नेहमी ऐकू येतो. चहापाण्याचा खर्च आधी झाला तर पुढच्या सभेत त्याला कार्योत्तर मंजुरी देतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण विहिरीत उतरलेलं रसायन पुढच्या सभेत परत काढता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रात हेच सांगितलं आहे: परिणामांचा अभ्यास प्रकल्पाचा आराखडा ठरल्यावर नको, आधी हवा, आणि चर्चेत स्थानिक लोकांना खास जागा हवी.

गंमत म्हणजे या शब्दाचा मोठा खटला आपल्या बडोद्याशीच जोडलेला आहे. इथले पर्यावरण कार्यकर्ते रोहित प्रजापती यांनी अंकलेश्वरच्या काही कारखान्यांविरुद्ध दाद मागितली होती. त्यात बडोद्याची अलेम्बिक कंपनीही होती. १ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कार्योत्तर मंजुरी पर्यावरण कायद्याच्या मूळ तत्त्वाला धरून नाही. कारखाने बंद केले नाहीत, पण तीन कंपन्यांना प्रत्येकी १० कोटी रुपये भरायला लावले. आणि अवघ्या दहा दिवसांनी, ११ एप्रिलला, राजपत्रात जो मसुदा छापून आला त्यात कार्योत्तर मंजुरीची सोय होतीच! जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायचंही त्यात होतं.

मसुदा इंटरनेटवर होता, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या सगळ्यांसाठी खुला. पण इंग्रजी आणि हिंदीत. विक्रांत तोंगड यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला आदेश दिला की आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत दहा दिवसांत भाषांतर करा, आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी त्यातलीच. सरकार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांचा मुद्दा होता, राजभाषा कायद्यानुसार इंग्रजी-हिंदी पुरेसं आहे. कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवलं तर मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण लाखो लोकांनी हरकतीचे ईमेल पाठवले, त्यात आजोबांसारखे किती असतील, ज्यांनी मूळ मसुदा वाचलाच नाही?

डिजिटल साधनांना मी नावं ठेवत नाहीये. बडोद्यात काम करणाऱ्या पर्यावरण सुरक्षा समितीच्याच याचिकेवर २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा तीन महिन्यांत नीट चालू केली नाही तर कारखान्याची वीज तोडा. शिवाय प्रदूषणाचे आकडे यंत्रांनी सतत मोजून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर लोकांना दिसतील असे ठेवा. सुरतेत तर २०१९ पासून धुराड्यांवरच्या अशाच यंत्रांच्या आकड्यांवरून कारखाने धुळीच्या उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री करतात. आकडा ऑनलाइन असल्याशिवाय हे जमलंच नसतं.

पण आकडा दिसणं आणि कळणं यात फरक आहे. उदाहरणार्थ 'सीओडी'. सोप्या मराठीत: पाण्यातले घाण पदार्थ रसायन घालून पूर्ण 'जाळून' टाकायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. आकडा मोठा, तर घाण जास्त. नदी-तलावात सोडायच्या सांडपाण्यासाठी साधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. 'बीओडी' म्हणजे तीच घाण जिवाणूंनी खायला लागणारा ऑक्सिजन, त्याची मर्यादा ३०. एवढ्या चार ओळी कळल्या की पोर्टलवरचा तक्ता वाचता येतो. बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्याने महीच्या मुखाकडे जातं. त्या कालव्याकाठच्या गावांना या चार ओळी गुजरातीत हव्यात, चिपळूण-तारापूरकडच्या लोकांना मराठीत.

गेल्या महिन्यात मी आजोबांना 'कार्योत्तर' समजावलं. ते म्हणाले, "मग तेव्हाच हा शब्द का नाही सांगितलास?" कारण मला तो माहीत नव्हता. मी इंग्रजीतून मराठीत शब्द शोधत होते आणि तो आमच्या सोसायटीच्या मिटिंगच्या वहीत होता.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला मी अशा शब्दांची यादी आणतेय. 'पब्लिक हिअरिंग'ला जनसुनावणी आहेच. 'एफ्लुएंट'ला सांडपाणी म्हणतात, पण त्यात घरातलं मोरीचं पाणीही येतं, म्हणून थोडी अडचण होते. 'बेसलाइन डेटा', म्हणजे प्रकल्प येण्याआधी तिथली हवा-पाणी कसं होतं त्याची नोंद, याला माझ्याकडे अजून धड शब्द नाही. कोणाच्या घरी, शेतावर किंवा ऑफिसात एखादा वापरात असेल तर घेऊन या.