सीतेची वेणी : बांडगूळ नव्हे

पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीतील जुन्या झाडांवरून जांभळ्या ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. हीच सीतेची वेणी नावाची आमरी. बांडगूळ समजून पुष्कळदा ती खरवडून टाकली जाते. वस्तुतः ती झाडाचा केवळ आधार घेते, अन्नरस शोषीत नाही. पावसाचे पाणी आणि सालीवर साचलेली माती, पालापाचोळा यांवर तिचे पोषण होते.

तिच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसतो; योग्य बुरशीची साथ लाभली तरच त्या रुजतात. म्हणून एकदा नाहीशी झालेली आमरी सहजासहजी परतत नाही.

बागायतीतील जुना आंबा तोडणे अटळच असेल, तर त्यावरील आमरी शेजारच्या झाडाला काथ्याने बांधावी. शिक्षकांनी बांडगूळ व आमरी यांतील भेद विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष झाडावरच दाखवावा.