तेलाचे डाग पडलेली पुस्तके

प्रस्तावना

छंद म्हटला की टपाल तिकिटे, जुनी नाणी किंवा काडेपेट्यांवरील चित्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. ग्रंथसंग्रह हाही एक जुना आणि मानाचा छंद आहे. प्रस्तुत पाठात आपण ग्रंथसंग्रहाच्या एका आडवाटेची ओळख करून घेणार आहोत. ही वाट जुन्या मोटारगाड्यांविषयीच्या, कोणीतरी आधी वापरलेल्या पुस्तकांची आहे. आपल्यापैकी काही जण गॅरेजमध्ये काम करत असतील, काही जण वाहन चालवीत असतील. त्यांना या पाठातील काही गोष्टी पाठाच्या लेखकापेक्षाही अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण
• मोटारींविषयीच्या जुन्या छापील साहित्याचे प्रकार सांगू शकाल;
• एकाच गोष्टीविषयी दोन साधने वेगवेगळे सांगत असतील, तर त्यांची तुलना करू शकाल;
• जुने पुस्तक घेताना व जपताना कोणती काळजी घ्यावी, हे स्पष्ट करू शकाल.

मूलपाठ

कार्ल बेंझ या जर्मन अभियंत्याने आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी १८८६ साली अर्ज केला. त्यानंतर दहा वर्षे पुरी होण्याच्या आतच, १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये, इंग्लंडमध्ये ‘द ऑटोकार’ हे मोटारींना वाहिलेले साप्ताहिक निघाले. गंमत अशी, की त्या वेळी इंग्लंडच्या रस्त्यांवर मोटार मोकळेपणाने चालविण्याची सोयच नव्हती. कायद्याने खेड्यापाड्यांतून ताशी ४ मैलांची आणि गावात २ मैलांची मर्यादा घातली होती. शिवाय गाडीच्या पुढे एक माणूस पायी चालला पाहिजे, असा दंडक होता. हा दंडक १८९६ साली गेला, वेगमर्यादा १४ मैलांवर आली आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ नोव्हेंबर रोजी मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी मिरवणूक काढली. म्हणजे मोटारीला रस्ता मिळण्यापूर्वीच तिला वाचक मिळाला होता. मोटारींविषयीच्या छापील साहित्याचा प्रवाह तेव्हापासून जो सुरू झाला, तो अखंड वाहत आला आहे.

या प्रवाहातील एकेक जुना खंड हाती घेतला की त्यातून किती माणसे वर येतात, याचे एक उदाहरण पाहू. जॉन मोंटेग्यू या मोटारप्रेमी संसद-सदस्याने १९०२ साली लंडनमध्ये ‘द कार इलस्ट्रेटेड’ नावाचे सचित्र साप्ताहिक सुरू केले. त्याच्या कार्यालयात एलिनॉर थॉर्न्टन ही तरुणी सचिव म्हणून काम करीत असे आणि चार्ल्स साइक्स हा चित्रकार त्या साप्ताहिकासाठी चित्रे काढीत असे. पुढे याच साइक्सने रोल्स-रॉइस गाडीच्या बोनेटवर झेपावणारी स्त्रीमूर्ती घडविली. ती १९११ पासून त्या गाडीची ओळख बनून राहिली आहे. या मूर्तीमागची प्रेरणा थॉर्न्टन हीच होती, असे मानले जाते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर मोंटेग्यू यांची नेमणूक हिंदुस्थान सरकारचे यांत्रिक वाहतुकीविषयीचे सल्लागार म्हणून झाली. ते हिंदुस्थानकडे येत असताना ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात त्यांच्या ‘पर्शिया’ या जहाजावर जर्मन पाणबुडीने हल्ला केला. मोंटेग्यू वाचले, त्यांच्यासोबत प्रवास करणाऱ्या थॉर्न्टनबाई बुडाल्या. मोंटेग्यू यांच्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ १९५२ साली इंग्लंडमधील ब्यूली येथे मोटारींचे संग्रहालय उघडले. तेथेच १९६७ पासून जुने सुटे भाग आणि जुनी मोटार-पुस्तके यांचा बाजार भरू लागला. आज ‘द कार इलस्ट्रेटेड’चा एखादा बांधीव खंड ज्याच्या हाती येतो, त्याच्या हाती ही सारी कहाणी घडण्याआधीची पाने असतात. त्या पानांना पुढच्या बुडालेल्या जहाजाची कल्पना नसते. इतिहासग्रंथ आणि त्या काळचे नियतकालिक यांत हा मोठा फरक आहे.

मोटारींविषयीची पुस्तके ढोबळमानाने दोन जातींची असतात. एक जात दिवाणखान्यातली. गुळगुळीत कागद, पानभर छायाचित्रे आणि हातात धरून वाचता येणार नाही इतके वजन. त्यांतली काही खरोखरच मोलाची आहेत. मानवेंद्रसिंह बारवानी आणि शारदा द्विवेदी यांचा ‘द ऑटोमोबाइल्स ऑफ द महाराजाज’ हा २००३ सालचा ग्रंथ संस्थानिकांच्या गाड्यांविषयी जाणून घ्यायचे असेल तर टाळता येत नाही. दुसरी जात गॅरेजातली. गाडीसोबत मालकाला मिळणारी माहितीपुस्तिका, मिस्त्रीसाठी छापलेली दुरुस्तीपुस्तिका, सुट्या भागांची क्रमांकवार यादी, विक्रेत्याचे माहितीपत्रक आणि वंगणाचा तक्ता ही सारी या दुसऱ्या जातीत मोडतात. पहिल्या जातीची पुस्तके कपाटात राहतात, म्हणून टिकतात. दुसऱ्या जातीची पुस्तके कामात येतात, म्हणून फाटतात. गाडी भंगारात गेली की तीही रद्दीत जातात. बाजारात भाव मात्र पहिल्या जातीला अधिक मिळतो. आमच्या मते हा हिशेब उलटा आहे.

तो उलटा का, हे फोर्डच्या उदाहरणावरून कळेल. हेन्री फोर्ड यांचे आत्मकथन १९२२ साली प्रसिद्ध झाले. आपण १९०९ सालीच फक्त काळ्या रंगाची गाडी विकण्याचे ठरवून टाकले होते, असा समज त्यावरून होतो आणि पुढील असंख्य पुस्तकांनी तो जसाच्या तसा उचलला. परंतु मॉडेल टी ही गाडी १९०८ साली बाजारात आली, तेव्हापासून पहिली काही वर्षे ती हिरव्या, लाल, राखाडी अशा रंगांत मिळत असे. केवळ काळा रंग हा नियम १९१४ ते १९२५ या वर्षांतला. शेवटच्या काळात रंग पुन्हा परतले. ही वस्तुस्थिती सांगणारी साधने म्हणजे त्या त्या वर्षाची विक्रीपत्रके आणि कारखान्याची कागदपत्रे. मोठ्या माणसाची आठवण एका बाजूला आणि चार पानी पत्रक दुसऱ्या बाजूला असेल, तर संग्राहकाने पत्रकाकडे आधी पाहावे. पत्रक छापणाऱ्याला आपली थोरवी सांगायची नसते. त्याला गाडी विकायची असते आणि नसलेला रंग विकता येत नाही.

पाठगत प्रश्न १

कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) ‘द ऑटोकार’ हे साप्ताहिक ……… साली निघाले. (१८८६ / १८९५ / १९०२)
(आ) रोल्स-रॉइसच्या बोनेटवरील मूर्ती ……… यांनी घडविली. (साइक्स / मोंटेग्यू / बेंझ)

आता आपल्या देशाकडे वळू. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून तिच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच सुमारास बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना उभा राहत होता, तर मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेराल्ड ही गाडी बनविली. परवान्यांच्या त्या काळात गाड्यांचे प्रकार बोटांवर मोजण्याइतके होते आणि एकेक प्रकार दशकानुदशके चालत राहिला. वालचंदांचे चरित्र गं. दे. खानोलकर यांनी मराठीत लिहिले आहे. उद्योजकाची जिद्द, सरकारदरबारचे अडथळे हे सारे चरित्रात सापडते. मात्र या कारखान्यांतून निघालेली गाडी प्रत्यक्ष चालत कशी असे, हे समजण्यासाठी पुन्हा तेलकट पुस्तकच हाती घ्यावे लागते.

आणि तेथेही सावध राहावे लागते. कुर्ल्याची फियाट ११०० ही गाडी प्रथम ‘डिलाइट’ म्हणून ओळखली जाई. सत्तरच्या दशकात तिचे नाव आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. नावे तीन, पण गाडी मुळात एकच. म्हणून ‘प्रेसिडेंट’ची पुस्तिका अनोळखी म्हणून बाजूला टाकणारा ग्राहक पद्मिनीच्याच कामाची वस्तू गमावतो. अ‍ॅम्बॅसॅडरची गोष्ट याच्या उलट आहे. तिच्या पहिल्या गाड्यांत साइड-व्हॉल्व्ह रचनेचे इंजिन होते, पुढे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन आले. नाव तेच आणि रूपही जवळजवळ तेच. तरी एका इंजिनाची पुस्तिका दुसऱ्याच्या दुरुस्तीला उपयोगी पडत नाही. अशा वेळी मुखपृष्ठावर विसंबू नये. आत इंजिनाची आकृती कोणती आहे, ते पाहावे.

अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेमुळे सेवेतून गेली. ज्यांनी आयुष्यभर या गाड्या खोलल्या आणि जोडल्या, ते मिस्त्रीही आता थकले आहेत. त्यांतील पुष्कळांचे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे, हातातून हातात आलेले होते. ते लिहून ठेवण्याची कुणाला गरज वाटली नाही. जे थोडे लिहिले गेले, ते दुरुस्तीपुस्तिकेच्या समासात. छापील मापावर पेन्सिलीने फुली मारून बाजूला दुसरे माप लिहिलेले असते. कधी एखाद्या सुट्या भागाच्या क्रमांकासमोर देशी पर्यायाचे नाव असते, कधी नुसताच एक फोन नंबर. कारखान्याने सांगितलेले माप आपल्या रस्त्यांवर, आपल्या पेट्रोलवर, आपल्या उन्हाळ्यात चालले की नाही, याचा पुरावा त्या पेन्सिलीच्या रेघेत आहे. कोरी करकरीत प्रत मिळाल्यावर संग्राहकाला आनंद होणे स्वाभाविक आहे. पण शेजारीच समासात लिहिलेली प्रत असेल, तर अभ्यासकाने ती सोडू नये.

अशी पुस्तके मिळतात कोठे? दिल्लीचा दर्यागंजमधील रविवारचा पुस्तकबाजार २०१९ साली पदपथावरून हलवून जवळच्या महिला हाटात नेण्यात आला. कोलकात्याची कॉलेज स्ट्रीट प्रसिद्धच आहे. चेन्नईचे मूर मार्केट १९८५ साली आगीत नष्ट झाले, तोवर ते जुन्या पुस्तकांचे माहेरघर होते. मात्र तेलकट जातीची पुस्तके ग्रंथबाजारात क्वचितच येतात. ती सुट्या भागांच्या जुन्या दुकानांच्या माळ्यावर, बंद पडलेल्या गॅरेजच्या खणात आणि भंगारवाल्याकडे असतात. त्यांच्या मागे जाणाऱ्याने रद्दीवाल्याशी स्नेह ठेवावा. तो वजनावर विकतो, हे खरे. पण आपण काय शोधतो हे एकदा त्याला कळले, की तो ते बाजूला काढून ठेवतो.

विकत घेण्यापूर्वी दुरुस्तीपुस्तिकेची शेवटची पाने आधी उघडावीत. विजेच्या तारांचा घडीचा मोठा तक्ता बहुधा तेथे असतो आणि तोच सर्वांत आधी फाडून नेलेला असतो, कारण मिस्त्रीला बोनेटखाली तो एकटाच हवा असतो. मग पृष्ठक्रमांक सलग आहेत का, हे पाहावे. छपाईचे वर्ष सापडत नसेल, तर पुस्तिकेत इंजिनाचे वा सांगाड्याचे कोणते क्रमांक दिले आहेत, त्यावरून काळ ठरविता येतो.

घरी आणल्यावर तेलाचा डाग साबणाने धुण्याच्या फंदात पडू नये. कागद जातो आणि डाग राहतो. पानांमध्ये टिपकागद घालून पुस्तक काही दिवस वजनाखाली ठेवावे, म्हणजे ओले तेल शोषले जाते. उरलेला डाग पुस्तकाचा भाग समजावा. गंजलेल्या पिना काढून सुती दोऱ्याने शिवण घालावी. चिकटपट्टी कधीही लावू नये. किनारपट्टीवरच्या दमट हवेत कसर आणि बुरशी हे मोठे शत्रू. कपाट भिंतीपासून थोडे दूर ठेवावे आणि पावसाळ्यानंतर पुस्तके सावलीत वाऱ्याला मांडावीत.

या छंदाला एक काळी बाजूही आहे. जुन्या मोटारींच्या रंगीत जाहिरातींना चौकटीत बसवून विकण्याचा धंदा चालतो आणि त्यासाठी नियतकालिकांचे बांधीव खंड निर्दयपणे कापले जातात. एका चित्राचा भाव कधीकधी सबंध खंडाहून अधिक मिळतो, म्हणून विक्रेत्याला मोह होतो. त्या चित्रामागच्या पानावर छापलेले वाचकाचे पत्र किंवा प्रवासवर्णन मग कायमचे भिंतीकडे तोंड करून राहते.

याउलट वागणारे संग्राहकही आहेत. कोणा अनोळखी माणसाच्या अंगणात वडिलांची हेराल्ड वीस वर्षे उभी असते. ती पुन्हा सुरू करण्यासाठी त्याला तारांचा तक्ता हवा असतो. संग्राहक पुस्तिका हातची सोडत नाही, परंतु घडीचा तक्ता हळूच उलगडून त्याची स्वच्छ प्रत काढून देतो आणि मूळ तक्ता जुन्याच घड्यांवर पुन्हा मिटवून ठेवतो.

शब्दार्थ

आडवाट – नेहमीचा नसलेला मार्ग
दंडक – सक्तीचा नियम
बांधीव खंड – नियतकालिकाचे अनेक अंक एकत्र बांधून केलेले पुस्तक
समास – पानाच्या कडेची कोरी जागा
कसर – कागद व कापड खाणारी कीड

पाठांत प्रश्न

१. लेखकाने मोटारींविषयीच्या पुस्तकांच्या कोणत्या दोन जाती सांगितल्या आहेत? त्यांपैकी कोणती लेखकाला अधिक मोलाची वाटते आणि का?
२. मॉडेल टी गाडीच्या रंगाविषयी आत्मकथन आणि विक्रीपत्रक यांत कोणता फरक आढळतो?
३. ‘मोटारीला रस्ता मिळण्यापूर्वीच तिला वाचक मिळाला होता,’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या गॅरेजला भेट द्या. तेथील मिस्त्रींना ठाऊक असलेली, परंतु कोणत्याही पुस्तिकेत छापलेली नसलेली एक गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.