शेळीला लिंबू लागत नाही

अगं, बायबल नि उत्क्रांती, दोन्हींतलं एक सोडावंच लागतं असं तुला सांगितलं कोणी? वर्गात सर म्हणाले असतील, नाहीतर तरुण संघात कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला असेल. दोघं एकच बोलतात बघ, फक्त टोकं वेगळी. झूऑलॉजी घेतलीस ती चांगल्यासाठीच घेतलीस. रडू नकोस आता, ऐक.

सहा दिवसांच्या भानगडीत फार अडकू नकोस. उत्पत्तीचा पहिला अध्याय सावकाश वाच. प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य चौथ्या. मग आधीचे तीन दिवस उगवले-मावळले कशाच्या जोरावर? पहिल्या अध्यायात प्राणी आधी नि माणूस नंतर, दुसऱ्यात उलट. हे कळायला डार्विनची वाट कोणी पाहिली नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन उत्पत्तीवर लिहीत होता, तेव्हाच त्याने म्हटलं की हे दिवस आपल्या रोजच्या दिवसांसारखे नसावेत. वर बजावलंही, की आकाश-पृथ्वीची माहिती असलेल्या परक्या माणसापुढे शास्त्रवचनाच्या नावाने काहीबाही बोलून हसं करून घेऊ नका.

पृथ्वी सहा हजार वर्षांची हा हिशेब आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये मांडला. सृष्टीचं वर्ष त्यांनी काढलं ख्रि.पू. 4004. विद्वान माणूस, हिशेबही कष्टाने केलेला. पण हिशेब तो हिशेबच, त्याला वचनाचा मान कशाला? आणि त्यालाच विज्ञान म्हणायची आजची लाट अमेरिकेत जोरात आली ती 1961 च्या ‘द जेनेसिस फ्लड’ या पुस्तकानंतर. आपल्या पणजीला तिचा पत्ताही नव्हता, तरी तिची प्रार्थना कधी अडली नाही.

आता प्रयोगशाळेतलं. शेळी कधी लिंबू मागते का? तिच्या यकृतात क जीवनसत्त्व आपलं आपण तयार होतं, बहुतेक सस्तन प्राण्यांचं तसंच. आपल्याला मात्र आवळा, पेरू, लिंबू पोटात जावं लागतं, नाहीतर हिरड्यांतून रक्त येतं. क जीवनसत्त्व बनवायच्या शेवटच्या पायरीचं जनुक आपल्यातही आहे, पण मोडकं. आणि चिंपांझीतही तेच जनुक मोडकं! दोन पोरांच्या वहीत एकाच ठिकाणी एकच चूक सापडली, तर मास्तर काय समजतात? देवाने आपल्याला चकवायला ते मुद्दाम मोडून ठेवलं म्हणणं, हे मला तरी देवाचा जास्त अपमान करणारं वाटतं.

या वाटेने आधी गेलेल्यांत मला जवळचा वाटतो तो एसा ग्रे. हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ, श्रद्धावान प्रेस्बिटेरियन. डार्विनचं पुस्तक यायच्या दोन वर्षं आधी, 1857 मध्ये, त्याने आपला सिद्धांत ज्या मोजक्यांना पत्राने कळवला त्यांतला हा एक. अमेरिकेत डार्विनची बाजू यानेच लढवली. उत्क्रांती मानून देवही मानता येतो, असे त्याचे लेख डार्विनने पुढाकार घेऊन इंग्लंडात पुस्तिका म्हणून काढवले. पण 1860 मध्ये डार्विनने त्याला एक अवघड पत्र लिहिलं. गांधीलमाशीच्या जातीतले काही कीटक जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात आणि पिल्लं तिला आतून खात वाढतात. दयाळू देव हे ठरवून कशाला घडवील? बदलांना देवच दिशा देतो, असं ग्रेचं म्हणणं. डार्विनला ते पटलं नाही, पण त्यावरून दोस्ती तुटली नाही.

खरा सल त्या अळीच्या मरणाचा आहे. पाप आलं म्हणून मरण आलं असं आपण शिकलो, आणि इथे तर माणूस यायच्या आधी कोट्यवधी वर्षं मरणच मरण. याचं गोळीबंद उत्तर माझ्याकडे नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सगळी सृष्टीच वेणा देतेय, कण्हतेय म्हणतो, आणि आपला प्रभू तर स्वतः क्रूसावर मेला. एवढ्यावर मी उभी आहे. आदामचंही तसंच. आपले पूर्वज कधी दोघांवर आले होते असं जनुकांत दिसत नाही, हजारोंचा समूह दिसतो. पोप बारावे पायस यांनी 1950 मध्ये शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मुभा दिली, पण आदामपाशी हात आखडता घेतला. 1996 मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती आता नुसती कल्पना राहिलेली नाही. आदामचं कोडं मात्र तसंच राहिलं. मग तुला ते पहिल्याच वर्षी सुटावं असं थोडंच आहे?

आणि जिथे विज्ञानाला कळत नाही तिथे देवाला नेऊन बसवू नकोस. उद्या कळलं की त्याला उठवावं लागतं.

पप्पांशी जेवताना वाद घालू नकोस गं. त्यांना माकडाचं काही पडलेलं नाही, तू उपासनेला यायची बंद होशील ही धास्ती आहे. पेपरात मात्र ‘काही लोकांच्या मते’ असलं गुळमुळीत लिहू नकोस. नैसर्गिक निवड विचारलीय ना, तीच लिही. आणि पाळकसाहेबांकडे जायचंच असेल तर आदामचा प्रश्न घेऊन जा. सेमिनरीत ग्रीक शिकलेला माणूस, रोमकरांस पत्र काढून बसतील. चहा दोनदा होईल.