शत्रूच्या मृतदेहाची ओळख

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर मराठी फौजेचा मोड झाला. विश्वासराव धारातीर्थी पडले आणि सेनापती सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. विश्वासरावांचा देह विजेत्या अहमदशहा अब्दालीच्या छावणीत नेण्यात आला. त्यात पेंढा भरून तो काबूलला न्यावा, असा काही अफगाण सैनिकांचा आग्रह होता. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्याच बाजूने लढला होता. तरीही त्याने रदबदली करून देह मिळवला आणि त्यावर हिंदू रीतीने अग्निसंस्कार करविले.

भाऊंची ओळख पटविणे अधिक कठीण होते. प्रेतांच्या राशीत एक धड सापडले; त्यावर शिर नव्हते. शुजाच्या पदरी असलेल्या काशिराज पंडितांनी लिहिलेल्या वृत्तांतानुसार, भाऊंना जवळून ओळखणाऱ्या माणसांना तेथे नेण्यात आले. पाठीवरील जुन्या जखमेचा वण, नित्याच्या सूर्यनमस्कारांनी हातांवर व गुडघ्यांवर पडलेले घट्टे, अशा खुणा पाहून देह भाऊंचाच असल्याचे ठरले. शत्रूच्या हातावरील घट्टे निरखून पाहणे, हे विजयाच्या धुंदीत सहसा सुचणारे काम नव्हे.

पुण्यात मात्र भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंना ही वार्ता पटली नाही. धडावर शिर नव्हते आणि बातमी आली होती शत्रूच्या गोटातून. त्यांनी अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. याच संशयाच्या बळावर एक तोतया ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. पुढे कोकणात त्याने मोठे बंड माजविले. १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. भाऊंचा निदान शोध तरी झाला. हजारो शिलेदार आणि बाजारबुणगे यांच्या घरी कोण काय कळविणार?

हे कळविण्याचे कर्तव्य १९४९ च्या जिनिव्हा करारांनी युद्धरत राष्ट्रांवर घातले. मृत शत्रुसैनिकाची शक्य तेवढी ओळख पटवावी, ओळखपट्टीचा अर्धा भाग व त्याच्याजवळील वस्तू त्याच्या पक्षाकडे पाठवाव्यात आणि दफन वा दहन सन्मानाने करावे, असे त्यात सांगितले आहे.

परंतु दुसऱ्या पक्षाने मृताला आपला म्हणण्यासच नकार दिला, तर? १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान मारले गेले. (यातील ‘कर्नल’ हे नावच आहे, हुद्दा नव्हे.) ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांच्या शौर्याची साक्ष देणारी चिठ्ठी मृतदेहाच्या खिशात ठेवली. देह मायदेशी पोहोचला आणि पाकिस्तानने त्यांना ‘निशान-ए-हैदर’ हा सर्वोच्च सन्मान दिला. इतर अनेकांना मात्र भारतीय जवानांनीच इस्लामी रीतीने डोंगरावर दफन केले. कारण ते आपले सैनिक आहेत, हे पाकिस्तान तेव्हा मान्य करीत नव्हते. २०१० मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, पाकिस्तानी सैन्याच्या संकेतस्थळावर त्या आघाडीवरील ४५३ मृतांची नावे प्रसिद्ध झाली.