जुनी डुकाटी : घेणाऱ्याने आणि दुरुस्त करणाऱ्याने काय पाहावे?

आमचा एक भाचा इंग्लंडमध्ये मोटारसायकल दुरुस्तीच्या लहानशा गॅरेजमध्ये काम करतो. हात चांगला, कामाला चोख. काही काळापूर्वी त्याच्याकडे एका गिऱ्हाइकाने १९९४ सालची डुकाटी ९०० सुपरस्पोर्ट आणली. गाडी सहा वर्षे शेडमध्ये उभी होती. मीटरवर फक्त अकरा हजार मैल. गिऱ्हाइकाचे म्हणणे एवढेच, की गाडी चालू करून द्या. भाच्याने नवी बॅटरी बसवली, कार्बोरेटर साफ केले, ऑइल बदलले. गाडी सुरू झाली, गिऱ्हाईक खूश होऊन गेले. तीन आठवड्यांनी तीच गाडी टेम्पोत घालून परत आली. इंजिनातील एक बेल्ट तुटला होता, व्हॉल्व्ह वाकले होते आणि पिस्टनवर त्यांचे ठसे उमटले होते. भाच्याने फोनवर आम्हाला विचारले, "मामू, मला बेल्टचं काम कुणी सांगितलंच नव्हतं. मग चूक कुणाची?"

हा प्रश्न एका गाडीपुरता नाही. आपले अनेक तरुण आखातात, ब्रिटनमध्ये आणि इतरत्र गॅरेजमध्ये काम करतात. काही जण हौसेने किंवा पुन्हा विकून चार पैसे मिळवण्यासाठी जुन्या परदेशी मोटारसायकली घेतात. म्हणून प्रस्तुत लेखात जुनी डुकाटी हे उदाहरण घेऊन, अशा यंत्राची पारख, दुरुस्ती आणि हिशेब कसा असावा ते आम्ही मांडत आहोत. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देऊ.

हे यंत्र वेगळे का?

डुकाटी हे नाव १९२६ पासूनचे. इटलीतील बोलोन्या शहरात ही कंपनी प्रथम रेडिओचे सुटे भाग बनवीत असे. बोर्गो पानिगाले येथील तिचा कारखाना १२ ऑक्टोबर १९४४ रोजी बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर लोकांना स्वस्त वाहन हवे होते, तेव्हा सायकलला जोडायचे 'कुचोलो' नावाचे लहान इंजिन कंपनीने बनवायला घेतले आणि तेथून मोटारसायकलीचा धंदा उभा राहिला. १९५४ मध्ये फाबियो टालिओनी हे इंजिनिअर कंपनीत आले. आज डुकाटीची जी खासियत सांगितली जाते, ती 'डेस्मो' पद्धत त्यांनी १९५६ मध्ये शर्यतीच्या गाडीवर यशस्वी केली आणि १९६८ मध्ये ती रस्त्यावरच्या गाडीत आली.

डेस्मो म्हणजे काय? नेहमीच्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. इंजिन फार वेगात फिरू लागले की स्प्रिंग मागे पडण्याचा धोका असतो. डेस्मोमध्ये व्हॉल्व्ह उघडण्यासाठी एक रॉकर आणि तो ओढून बंद करण्यासाठी दुसरा रॉकर असतो. म्हणजे बंद होण्याचे काम स्प्रिंगच्या भरवशावर राहत नाही. पण त्याची किंमत अशी, की प्रत्येक व्हॉल्व्हला दोन ठिकाणी गॅप मोजावा लागतो. ९०० सुपरस्पोर्टला दोन सिलिंडर आणि चार व्हॉल्व्ह, म्हणजे आठ गॅप.

दुसरा फरक बेल्टचा. आधीच्या दोन सिलिंडरच्या डुकाटीत कॅम फिरवण्यासाठी शाफ्ट आणि तिरके गिअर असत. ते बनवायला महाग आणि वेळखाऊ होते. १९७९ च्या 'पांताह' मॉडेलपासून त्यांच्या जागी रबरी दातेरी बेल्ट आले. १९९१ ची नवी ९०० सुपरस्पोर्ट, १९९३ ची मॉन्स्टर आणि १९९४ ची ९१६ या सर्वांत बेल्टच आहेत. चेन आणि गिअरची सवय असलेल्या कारागिराचा घात नेमका येथे होतो.

आपल्याकडील जुन्या मिस्त्रींना इटालियन यंत्र तसे नवे नाही. बजाजने १९७१ पर्यंत पियाज्जोच्या परवान्याखाली व्हेस्पा बनवली आणि मुंबईत एपीआयने लॅम्ब्रेटा बनवली. त्या स्कूटरी रस्त्याच्या कडेला बसून, कानाने आवाज ऐकून दुरुस्त होत. तेथे चूक झाली तर गाडी बंद पडे. येथे चूक झाली तर इंजिनच जाते.

बेल्ट : पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम

१९९० च्या दशकातील या गाड्यांचे बेल्ट २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायचे, हा नियम पक्का धरावा. पुढच्या काळातील काही मॉडेलांना कंपनीने जास्त मुदत दिली आहे, ती जुन्या यंत्राला लावू नये. गाडी चालली नाही म्हणून बेल्ट नवा राहत नाही. रबर वयाने कडक होते. गाडी वर्षानुवर्षे एकाच जागी उभी असेल तर पुलीवर वळलेल्या जागी बेल्टला बाक बसतो. म्हणून 'गाडी कमी चालली आहे' हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी शोभते, कारागिराने त्यावर विसंबू नये.

बेल्ट तुटला की त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह जेथे असतील तेथे थांबतात. पिस्टन मात्र वर येतच राहतो आणि उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो.

काम करताना पुढील क्रम ठेवावा.

१) दोन्ही स्पार्क प्लग काढावेत, गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हाताने फिरवावे. म्हणजे इंजिन सावकाश फिरते.

२) पुलीवरील खुणा इंजिनवरील खुणांशी जुळवाव्यात. जुना बेल्ट काढण्यापूर्वी रंगाने आपली खूणही करावी.

३) नवा बेल्ट दुमडू नये, पिळू नये, त्याला ऑइल किंवा ग्रीस लागू देऊ नये. ताण देणारा रोलर हाताने फिरवून पाहावा. खरखर लागली तर तोही बदलावा.

४) ताण सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच द्यावा. सैल बेल्ट दात सोडतो, जास्त ताणलेला बेल्ट बेअरिंग खातो.

५) शेवटी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. फिरवताना कोठेही अडले तर जोर करू नये. खुणा जुळल्याशिवाय स्टार्टरचे बटण दाबू नये.

व्हॉल्व्हचे गॅप

दर १०,००० किलोमीटरला व्हॉल्व्हचे गॅप तपासावे लागतात. उघडणाऱ्या बाजूचा गॅप साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, तर बंद करणाऱ्या बाजूचा त्याहून बराच कमी असतो. अचूक आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा आणि इंजिन पूर्ण थंड असताना मोजावा. गॅप शिमने जुळवतात. बंद करणारा शिम दोन अर्ध्या रिंगांवर टेकलेला असतो. या रिंगा दबतात आणि गॅप वाढतो. अशा वेळी नुसता शिम न बदलता रिंगाही बदलाव्यात. रॉकरच्या घासणाऱ्या बाजूवरचा कडक मुलामाही नीट पाहावा. या वर्षांच्या गाड्यांत तो सोलण्याची तक्रार जुनी आहे. मुलामा सुटलेला रॉकर तसाच ठेवला तर कॅमही खराब होतो.

विकत घेण्यापूर्वीची तपासणी

वीज : बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. इंजिन सुमारे ३,००० फेऱ्यांवर असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून कमी असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी रेग्युलेटर आणि त्याचा कनेक्टर पाहावा. आल्टरनेटरकडून येणाऱ्या पिवळ्या वायरींच्या जोडावर प्लास्टिक तपकिरी झालेले असेल तर तो जोड तापत आहे. बॅटरीमागून बॅटरी बदलणारे अनेक जण याच जोडाने फसलेले असतात.

सिलिंडरचे स्टड : हवेने थंड होणाऱ्या या इंजिनात लांब स्टड पाण्यापावसाला उघडे राहतात. ते गंजून तुटतात. सिलिंडरच्या बुडाशी ऑइल पाझरत असेल तर टॉर्च लावून प्रत्येक स्टड पाहावा. गंजलेल्या स्टडचा नट आवळायला जाऊ नये.

फ्रेम : हँडलच्या मानेजवळच्या वेल्डिंगवर बारीक तडे आहेत का ते पाहावे. सुरुवातीच्या काही ९०० सुपरस्पोर्टमध्ये हा दोष आढळला होता. तेथील रंग ताजा दिसला तर का दिला, हे विचारावे.

क्लच : या गाडीचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसून कोरडा असतो. त्याची खडखड ही सवयीची गोष्ट आहे, तिला घाबरू नये. मात्र क्लच सोडताना झटका बसत असेल तर प्लेटांचे दात आणि बास्केट झिजले असतील. क्लच हायड्रॉलिक आहे. पुढच्या स्प्रॉकेटजवळ ओलसर दिसले तर खालच्या सिलिंडरचे सील गेले असे समजावे.

टाकी आणि कार्बोरेटर : पोलादी टाकीत आतून गंज धरतो. झाकण उघडून उजेडात पाहावे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्यांना आणि सीलना मानवत नाही. पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले सुपर पेट्रोल वापरावे आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामे करावेत.

टायर आणि ब्रेक : टायरवर चार आकडी खूण असते. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण दिसली तरी जुना टायर जुनाच. ब्रेक आणि क्लचचे फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलावे.

हिशेब

अशी गाडी घेताना बहुतेक जण फक्त खरेदीची किंमत मोजतात. आमचा सल्ला असा, की किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी वेगळी ठेवावी. ती जवळ नसेल तर गाडी घेऊ नये. स्वस्तात मिळालेली, पण पैशाअभावी कोपऱ्यात अर्धी उघडून ठेवलेली गाडी म्हणजे अडकलेले भांडवल. उलट बेल्ट, गॅप आणि ऑइलच्या पावत्या जपून ठेवलेली गाडी विकताना किंमत हमखास बरी येते. दोन सारख्या गाड्यांत चकचकीत रंगाची नव्हे, पावत्यांची फाइल असलेली निवडावी.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. 'तिकडे गाडी स्वस्त आहे, घरी पाठवून देतो' असा बेत काही जण करतात. भारतात वापरलेले वाहन आयात करताना ते उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुने नसावे अशी मुख्य अट आहे. म्हणजे १९९४ ची गाडी या मार्गाने येऊ शकत नाही. कस्टम एजंटाला विचारल्याशिवाय कोणालाही बयाणा देऊ नये. कागदपत्रांशिवाय 'सुट्या भागांत' गाडी आणून देणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नये. माल जप्त होतो आणि पैसेही बुडतात.

मग चूक कुणाची?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. बेल्टचे काम त्याला सांगितले नव्हते, हे खरे. पण बेल्टचे वय गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हते. ते ठाऊक असण्याची अपेक्षा ज्याच्याकडून होती, तो कारागीर होता. सहा वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे कव्हर उघडून पाहणे हे अर्ध्या तासाचे काम. त्याने ते पाहिले नाही, आणि पाहिले नाही असे सांगितलेही नाही. गिऱ्हाइकाची गाडी ही कारागिराकडे ठेवलेली अमानत असते. बेल्ट बदलणे न बदलणे ही गिऱ्हाइकाची मर्जी, पण धोका सांगणे हे कारागिराचे काम. आम्ही त्याला हेच सांगितले. त्याला ते कडू लागले, पण पटले.

शेवटी गॅरेजमालक आणि गिऱ्हाईक यांच्यात तडजोड झाली. सुटे भाग गिऱ्हाइकाचे, मजुरी गॅरेजची. भाच्याने दोन आठवडे संध्याकाळी थांबून ते हेड स्वतः बांधले आणि त्या निमित्ताने डेस्मोचे काम शिकला. तेव्हापासून त्याच्या जॉब कार्डावर दोन रकाने असतात. एकात केलेली कामे आणि दुसऱ्यात न केलेली, पण करायला हवीत अशी कामे. खाली गिऱ्हाइकाची सही. गिऱ्हाईक काम नाकारू शकतो, पण मला कोणी सांगितले नाही असे म्हणू शकत नाही.

पुढे एक गोष्ट त्याच्याही लक्षात आली. दुसरा रकाना वाचून अनेक गिऱ्हाइके त्याच दिवशी ते काम करायला सांगतात. ज्या कार्डाने भांडण टळते, तेच कार्ड काम मिळवून देते. मोटारसायकल असो, शिलाई मशीन असो की पाण्याचा पंप, आपल्या दुकानात असे कार्ड आहे का, हे प्रत्येक कारागीर बंधूने आजच पाहावे. नसेल तर एक साधी वही आणि एक पट्टी एवढ्यावर ते सुरू करता येते.