दाढ दुखते, पण दोष कोणाचा?

सर्दी होऊन आठवडा उलटला आहे. नाक चोंदलेले आहे आणि आता वरच्या एका बाजूच्या दोनतीन दाढा एकदम ठणकू लागल्या आहेत. आरशात पाहावे, तर एकही दाढ किडलेली दिसत नाही. अशा वेळी दोष दाढांचा नसून त्यांच्या वरच्या पोकळीचा असू शकतो.

नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालामागच्या हाडात, हवेने भरलेली एकेक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. मोठ्या माणसात तिचे आकारमान सुमारे १५ घन सेंटिमीटर असते. जन्मतः ती अगदी लहान असते. कायमचे दात येतात तशी ती खाली वाढत जाते. शेवटी तिचा तळ वरच्या दाढांच्या मुळांजवळ पोहोचतो. मध्ये उरतो तो हाडाचा पातळ पापुद्रा, आणि काहींच्या बाबतीत तर नुसते अस्तर! नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ साली आपल्या ग्रंथात या पोकळीचे वर्णन केले, म्हणून तिला 'हायमोरची पोकळी' असेही नाव पडले.

आता एक सोपा प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या बाटलीला, गळ्याच्या थोडे खाली, बाजूने एक भोक पाडा. बाटली उभी ठेवून तिच्यात हळूहळू पाणी ओता. पाण्याची पातळी भोकापर्यंत येईपर्यंत एक थेंबही बाहेर पडत नाही. आपल्या पोकळीची रचनाही अशीच आहे. नाकात उघडणारे तिचे द्वार तळाशी नसून वरच्या बाजूला असते. मग ती रोज भरून का जात नाही? कारण तिच्या अस्तरावर असंख्य सूक्ष्म केसल तंतू असतात. ते सतत हालत राहून आतील चिकट स्राव गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर, द्वाराकडे ढकलतात.

सर्दीत अस्तर सुजते, काही मिलिमीटरचे ते द्वार बंद होते आणि तंतूंचे कामही मंदावते. स्राव आत साचतो. त्यात जंतू वाढले, तर पू होतो व दाब वाढतो.

पण मग दुखते ते दाढेत का? दाढांकडे जाणारे मज्जातंतू या पोकळीच्या भिंतीतूनच जातात आणि पोकळीच्या अस्तराची संवेदनाही त्याच मज्जेच्या शाखा मेंदूकडे नेतात. घराला दोन दारे, पण घंटा एकच असेल, तर आतल्या माणसाला कोणत्या दाराशी कोणी आले आहे ते कळत नाही. मेंदूचेही तसेच होते.

फरक ओळखण्यास निरीक्षण उपयोगी पडते. दुखणे पोकळीचे असेल, तर बहुधा एकाच बाजूच्या वरच्या अनेक दाढा बोथटपणे दुखतात, गाल जड वाटतो आणि खाली वाकले की ठणका वाढतो. एकच दाढ दुखत असेल, थंड वा गरम लागताच कळ येत असेल, तर संशय दाढेवर घ्यावा. खालची दाढ दुखत असेल, तर या पोकळीचा संबंध सहसा नसतो.

मात्र हा रस्ता दुहेरी आहे. किडलेल्या वरच्या दाढेच्या मुळाशी झालेला पू पोकळीत शिरून तिलाही रोगट करतो. नाकाच्या एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत राहिला, तर दाढा तपासून घ्याव्यात. म्हणून निदान डॉक्टरांवर व दंतवैद्यांवर सोपवावे. गरज वाटल्यास ते क्ष-किरण चित्र काढतात. डोळ्याभोवती सूज, अंधुक दिसणे किंवा जोराचा ताप असेल, तर मुळीच थांबू नये.

तुमचे काम एवढेच, की दंतवैद्याला 'दाढ दुखते' असे सांगताना 'आधी सर्दी झाली होती' आणि 'वाकल्यावर जास्त दुखते' हेही सांगायचे. एवढ्या माहितीनेही एखादी निरोगी दाढ उपटली जाण्यापासून वाचू शकते.