आधी माउथपीस, मग पत्ती

पोरा, क्लॅरोनेटचा सूर फाटायला लागला की लगेच पत्तीचं नवं पाकीट मागवू नकोस. आधी माउथपीस उजेडात धर. टोकाचा कपचा उडालाय का, पत्ती टेकते त्या दोन्ही कडा सारख्या आहेत का, ते बघ. मग पत्ती बांध, खालचं भोक तळव्याने दाब, हवा ओढ आणि तोंडातून काढ. पत्ती क्षणभर चिकटून ‘टप्प’ सुटली तर जोडी जमली. लगेच सुटली तर हवा गळतेय. चांगली पत्ती लावूनही तेच झालं, तर दोष माउथपीसचा.

माउथपीस घेताना टोकाची फट विचार. यामाहाचं ४सी साधारण १.०५ मिलिमीटर उघडं, व्हँडोरेनचं बी४५ जवळपास १.२०. फरक दोन कागदांएवढाही नाही, पण ओठाला लगेच कळतो. उघड्या माउथपीसला दोन-अडीच नंबरची पत्ती, बेताच्या फटीला तीनही चालते.

आपल्याकडं वरातीतली पोरं ताशापुढं आवाज पोचावा म्हणून बी४५ वर साडेतीनची चढवतात. आवाज वाढत नाही, फुसफुस वाढते. वर मींड मरते ती वेगळीच. आपल्या गाण्यात सूर घसरत न्यावा लागतो, त्याला पत्ती वाकणारी हवी. क्लॅरोनेटवाल्या मास्टर इब्राहिमच्या जुन्या तबकड्या ऐक, कळेल. जोर पोटातून लाव, पत्तीकडून मागू नकोस.

पाकिटातल्या दहाही पत्त्या एका नंबरच्या असल्या तरी एकसारख्या नसतात. पिकलेल्या बोरूची पत्ती सोनेरी असते, हिरवट दिसली की कच्ची. सोललेला भाग उजेडात दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा. चारेक निवडून आलटून-पालटून वाजव; नवीला पहिले दिवस थोडाच वेळ दे.

जालन्याच्या मे महिन्यात पत्ती सुकून टोकाला लाटा येतात. त्या जाईपर्यंत तोंडात धर. उन्हात वाद्य तापून सूर चढला तर बॅरल जरा बाहेर ओढ, पत्तीला हात लावू नकोस. इबोनाइटचं माउथपीस गार पाण्यानंच धू, आणि बँडच्या गाडीत उन्हात टाकून जेवायला बसू नकोस.

बांधताना टोकाला माउथपीसचा काळा काठ केसभर दिसू दे, स्क्रू बेतानं आवळ. पत्ती जड वाटली तर केसभर खाली सरकव, हलकी वाटली तर वर. पत्ती घासायला कानस नंतर.